शेंगदाण्याचे दूध ते काजूचे चीज : एका विस्मृत भारतीय प्रयोगाची कहाणी

जून 2022 मध्ये भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने ‘व्हीगन’ खाद्यपदार्थांसाठी स्वतंत्र नियमावली प्रसिद्ध केली. ज्या पदार्थात दूध, मध, अंडी वा अन्य कोणताही प्राणिजन्य घटक नाही, त्याच्या वेष्टनावर इंग्रजी ‘व्ही’ या अक्षरातून उगवणारे हिरवे पान छापले जाऊ लागले. त्यापूर्वीच, म्हणजे 2021 मध्ये, याच प्राधिकरणाने वनस्पतिजन्य पेयांना ‘दूध’ म्हणून विकण्यास हरकत घेतली होती. नारळाचे दूध आणि शेंगदाण्याचे लोणी यांसारख्या रूढ नावांना मात्र सवलत राहिली.

या बातम्या वाचताना अनेकांचा समज असा होतो की, काजू-बदामांपासून केलेले चीज किंवा शेंगदाण्याचे दही ही परदेशातून आलेली, महानगरांतल्या उपाहारगृहांची नवी हौस आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. वनस्पतीपासून दुधाचा पर्याय निर्माण करण्याचा प्रश्न आपल्या देशात शंभर वर्षांहून अधिक काळ विचारला जात आहे. त्यासाठी बंगळूर आणि म्हैसूर येथील प्रयोगशाळांनी दीर्घ संशोधन केले आणि त्याला काही अंशी यशही आले. पुढे ते यश आपण विसरलो. ते कसे मिळाले आणि का विसरले गेले, याची ही हकीकत.

प्रारंभ एका आजारपणापासून होतो. 1912 मध्ये दक्षिण आफ्रिकेतील टॉलस्टॉय फार्मवर मोहनदास गांधी आणि त्यांचे सहकारी हर्मन कॅलनबाख यांनी दूध सोडण्याचा निश्चय केला. संयमाचा विचार त्यामागे होताच. शिवाय कलकत्त्यात गाई-म्हशींकडून अधिक दूध काढण्यासाठी ‘फुंका’ नावाची क्रूर पद्धत वापरली जाते, हे गांधीजींच्या वाचनात आले होते. 1918 च्या उन्हाळ्यात खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी पायी हिंडताना त्यांचा आहार मुख्यत्वे शेंगदाण्याचे लोणी आणि लिंबू इतकाच होता. त्या आहाराने आणि अतिश्रमाने प्रकृती ढासळली, अतिसाराने ते मरणाच्या दारी पोहोचले. हवापालटासाठी त्यांना माथेरानला नेण्यात आले. परंतु तेथील जड पाणी मानवेना, म्हणून आठवड्याच्या आतच ते मुंबईस परतले. तेथे डॉक्टर दलाल यांनी स्पष्ट सांगितले की, दुधावाचून शरीर पुन्हा उभे राहणार नाही. नवस गाईच्या व म्हशीच्या दुधापुरता होता, शेळीच्या दुधाला हरकत काय, हा मार्ग कस्तुरबांनी सुचवला. जानेवारी 1919 मध्ये गांधीजींनी शेळीचे दूध स्वीकारले. प्रतिज्ञेची अक्षरे पाळली, पण तिचा आत्मा दुखावला, ही खंत त्यांनी आत्मचरित्रात मोकळेपणाने नोंदवली आहे. दुधाइतका पौष्टिक आणि पचनास तितकाच हलका वनस्पतिजन्य पदार्थ कोणा वैद्य, हकीम वा डॉक्टराला अनुभवाने ठाऊक असेल तर त्याने तो कळवावा, असे आवाहनही तेथे आहे.

विज्ञानाच्या विद्यार्थ्याने हे आवाहन नीट पाहावे. मागितलेले उत्तर ‘अनुभवाने’ सिद्ध झालेले हवे होते, पुस्तकी नव्हे. निकषही दोनच आणि नेमके होते : पोषण आणि पचन. पुढील अर्धशतकातील सर्व संशोधन या दोन निकषांभोवतीच फिरले.

1929 मध्ये सी. एफ. अँड्र्यूज अमेरिकेतील टस्कीगी येथे जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांना भेटले. गुलामगिरीत जन्मलेल्या या कृष्णवर्णीय कृषिशास्त्रज्ञाने शेंगदाण्याच्या शेकडो उपयोगांचा अभ्यास केला होता. त्यांनी गांधीजींसाठी आहाराविषयी सूचना दिल्या आणि पुढे दोघांत पत्रव्यवहारही झाला. 1935 मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत सोयाबीनचा आहारात समावेश करून त्याचे परिणाम पाहण्याचे प्रयोग सुरू झाले व त्यांचे वृत्तांत ‘हरिजन’मध्ये छापले गेले. या प्रयोगांना आजच्या अर्थाने शास्त्रीय म्हणता येणार नाही. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, मोजमापही मर्यादित होते. तरीही प्रश्न आश्रमाच्या स्वयंपाकघरातून सार्वजनिक चर्चेत आला, हे त्यांचे श्रेय.

त्याच सुमारास बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत हाच प्रश्न रसायनशास्त्राच्या भाषेत मांडला जात होता. 1933 मध्ये कमला भागवत, म्हणजे पुढे विख्यात झालेल्या डॉ. कमला सोहोनी, तेथे दाखल झाल्या. मुलगी म्हणून प्रवेश नाकारणाऱ्या संचालक सी. व्ही. रामन यांच्यापुढे त्यांना झगडावे लागले होते. प्रा. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. ज्या देशात बहुसंख्यांचे प्रथिन डाळीतून येते आणि दूध थोड्यांच्याच वाट्याला येते, त्या देशासाठी ही तुलना केवळ पदवीपुरती नव्हती.

दुसरे महायुद्ध आणि 1943 चा बंगालचा दुष्काळ यांनी त्या प्रश्नाला तातडी आणली. संस्थेच्या जीवरसायन विभागात प्रा. व्ही. सुब्रह्मण्यन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोयाबीनच्या दुधाच्या पोषणमूल्याचे परीक्षण केले. मात्र सोयाबीन तेव्हा भारतीय शेतकऱ्याच्या परिचयाचे पीक नव्हते. शेंगदाणा मात्र सर्वत्र पिकत होता. मूळ दक्षिण अमेरिकेतील हे पीक आपल्या कोरडवाहू जमिनीत चांगलेच रुजले होते. त्याचे तेल काढल्यावर उरणाऱ्या पेंडीत जवळपास निम्मे वजन प्रथिनांचे असते आणि ती बव्हंशी जनावरांपुढे किंवा खतात जात होती. दुधासाठी तडफडणारी मुले आणि खतात जाणारे प्रथिन, ही विसंगती सुब्रह्मण्यन यांना अस्वस्थ करणारी होती.

ऑक्टोबर 1950 मध्ये म्हैसूरच्या चेलुवांबा प्रासादात केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था सुरू झाली आणि सुब्रह्मण्यन तिचे पहिले संचालक झाले. शेंगदाण्याचे दूध आणि त्याचे दही हे तेथील आरंभीच्या कामांपैकी एक. पद्धत सोपी भासते. दाणे हलके भाजून साले काढायची, भिजवून बारीक वाटायचे, पाणी मिसळून गाळायचे, आम्लता योग्य पातळीवर आणून उकळायचे आणि क्षार व जीवनसत्त्वे घालायची. अडचणी पुढे सुरू होतात. कच्च्या दाण्याचा उग्र वास जात नाही, तेलाचा थर वर येतो, तापवताना प्रथिने गोळा होतात. या प्रत्येक अडचणीवर वर्षानुवर्षे काम झाले. याच संस्थेने तीन भाग शेंगदाण्याचे पीठ आणि एक भाग भाजलेल्या हरभऱ्याचे पीठ यांपासून ‘बहुउद्देशीय अन्न’ तयार केले. ते कुपोषित मुलांसाठी वापरले गेले.

शेंगदाण्याच्या दुधाचे दही लागते. मग त्याचे चीज का होत नाही? येथे इतिहास क्षणभर बाजूला ठेवून रेणूंकडे पाहावे लागेल.

गाईच्या दुधातील सुमारे 80 टक्के प्रथिन ‘केसीन’ या कुळातील असते. केसीनचे रेणू कॅल्शियम फॉस्फेटच्या साहाय्याने एकत्र येऊन सूक्ष्म गोलक बनवतात. या गोलकांच्या पृष्ठभागावर कप्पा-केसीनचे केसाळ आवरण असते. त्यामुळे ते एकमेकांना चिकटत नाहीत आणि दूध पातळ राहते. वासराच्या जठरातून मिळणारे रेनेट हे आवरण कापते. कप्पा-केसीनच्या 169 अमिनो आम्लांच्या साखळीत 105 आणि 106 या क्रमांकांमधला एकच बंध ते अचूक तोडते. आवरण गेले की गोलक जुळतात, कॅल्शियम त्यांना बांधते आणि घट्ट, लवचीक जाळे तयार होते. तापवल्यावर वितळणे, ताणल्यावर तार सुटणे हे चीजचे गुण या जाळ्याचे आहेत. रेनेटचे काम वनस्पतीही करू शकते. सिंध आणि पंजाबात ‘पनीर डोडी’ म्हणून ओळखले जाणारे फळ त्यासाठी वापरले जात असे. पण त्यासाठीसुद्धा दूध, म्हणजेच केसीन, हवेच.

शेंगदाण्यातील अॅराकिन आणि कोनॅराकिन, बदामातील अमांडिन, काजूतील तत्सम प्रथिने ही सारी बीजातील साठवणीची गोलाकार प्रथिने आहेत. अंकुराला अन्न पुरवणे हे त्यांचे निसर्गदत्त काम. ती गोलक बनवत नाहीत, त्यांच्यावर कप्पा-केसीनचे आवरण नसते; म्हणून रेनेटला तेथे कापण्याजोगे काहीच सापडत नाही. आम्ल वाढले की ती साकळतात एवढेच. केसीन ज्या आम्लतेला, म्हणजे सुमारे 4.6 सामूला, साकळते, त्याच्या आसपासच शेंगदाण्याची प्रथिनेही साकळतात. त्यामुळे दही जमते, बांधून टांगले तर चक्काही होतो. पण तार सुटत नाही. आपल्या परिभाषेत सांगायचे तर दाण्यांपासून होते ते चक्क्याच्या जातीचे चीज. वितळणाऱ्या चीजच्या जातीचे नव्हे.

पोषणाचा हिशेबही येथेच पाहावा. शेंगदाण्याच्या प्रथिनात लायसीन आणि मेथिओनीन ही अमिनो आम्ले कमी असतात; दुधात लायसीन भरपूर. कॅल्शियमच्या बाबतीत दूध आणि दाणे यांची तुलनाच नको. म्हणून म्हैसूरच्या शास्त्रज्ञांनी शेंगदाण्याचे दूध नुसते कधीच पुढे केले नाही. त्यात क्षार आणि जीवनसत्त्वे घालण्याचा आग्रह धरला. पांढरा रंग म्हणजे दूध नव्हे, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

1960 मध्ये या कामावर एक अनपेक्षित संकट आले. इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अकस्मात मेले. शोध घेता ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीपर्यंत माग पोहोचला. त्या पेंडीवर वाढलेल्या ‘अॅस्परजिलस फ्लेव्हस’ या बुरशीने एक विष निर्माण केले होते; त्याला ‘अॅफ्लाटॉक्सिन’ हे नाव मिळाले. हे विष यकृताला घातक आणि कर्करोगकारक असते, साध्या शिजवण्याने ते नष्ट होत नाही. भारतासाठी ही दूरची बातमी नव्हती. 1974 च्या अखेरीस राजस्थान व गुजरातच्या सीमाभागात बुरशी लागलेला मका खाऊन शंभरावर माणसे दगावली. त्याचा छडा हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने लावला. ज्या पेंडीतून मुलांचे दूध करायचे, तीच विषारी असण्याची शक्यता उभी राहिल्यावर पेंड सरळ वापरणे अशक्य झाले. दाण्यांची निवड, साठवणीतील ओलावा, प्रत्येक खेपेची तपासणी, प्रथिन वेगळे काढून शुद्ध करणे हे सारे आवश्यक ठरले. स्वस्त वाटणारा पदार्थ आता तितका स्वस्त राहिला नाही.

तरीही प्रयत्न थांबले नाहीत. शेंगदाण्यातून शुद्ध केलेले प्रथिन आणि म्हशीचे दूध एकत्र करून ‘मिल्टोन’ नावाचे पेय म्हैसूरच्या संस्थेने विकसित केले. थोड्या दुधात वनस्पती-प्रथिनाची भर घालून ते अधिक मुलांपर्यंत पोहोचवायचे, ही त्यामागील कल्पना. 1970 च्या दशकात बंगळूर येथे त्याचे उत्पादन झाले, युनिसेफने साहाय्य केले आणि ते शाळकरी मुलांना वाटले गेले. गांधीजींच्या आवाहनाला भारतीय प्रयोगशाळेने दिलेले हे उत्तर होते, आणि ते संमिश्र होते : दुधाची जागा घेणारे नव्हे, दूध पुरवठ्यास आणणारे.

इतिहासाचा विनोद असा की, या पर्यायाला मागे सारणाऱ्या यशातही त्याच संस्थेचा वाटा होता. म्हशीच्या दुधापासून लहान बाळांसाठी भुकटी करता येणार नाही, असे पाश्चात्त्य तज्ज्ञ मानत होते. म्हैसूरच्या संशोधकांनी ती प्रक्रिया विकसित केली आणि आणंदच्या सहकारी संघाने ती उद्योगात उतरवली. 1970 मध्ये दुग्धमहापूर योजना सुरू झाली. 1950-51 मध्ये देशाचे दूध उत्पादन सुमारे 1.7 कोटी टन होते. 1990 च्या दशकाच्या अखेरीस भारत जगातील सर्वांत मोठा दूध उत्पादक झाला, आणि 2023-24 मध्ये हा आकडा 23.9 कोटी टनांवर गेला. टंचाई हीच ज्याच्या अस्तित्वाची सबब होती, तो पदार्थ विपुलतेच्या काळात अनावश्यक ठरला. शेंगदाण्याचे दूध ग्रंथालयातील जुन्या नियतकालिकांत जाऊन बसले.

आणि आता ते परत आले आहे. पण वेष पालटून. शेंगदाण्याच्या जागी काजू आला, टंचाईच्या जागी करुणा, पर्यावरण आणि दुग्धशर्करा न पचण्याची तक्रार आली, शाळकरी मुलाच्या जागी शहरी ग्राहक आला.

काजूची निवड अकारण नाही. 100 ग्रॅम काजूत सुमारे 18 ग्रॅम प्रथिने, 44 ग्रॅम स्निग्धांश आणि चांगल्या प्रमाणात स्टार्च असतो. बदामात स्टार्च नगण्य असतो. हा स्टार्च तापवल्यावर फुगतो आणि मिश्रण घट्ट करतो. काजूची ग्रेव्ही आटताना दाट होते ती याचमुळे. काजूला उग्र वास नाही, भिजवून वाटला की तो लोण्यासारखा होतो. शेंगदाण्याशी झगडताना म्हैसूरच्या शास्त्रज्ञांना ज्या अडचणी आल्या, त्यांतील निम्म्या काजूत मुळातच नाहीत.

घरी हा प्रयोग करून पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी कृती थोडक्यात सांगतो. पाव किलो काजू सहा-आठ तास भिजवावेत, पाणी फेकून द्यावे आणि काजू दहा मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवावेत. निवाल्यावर अगदी थोड्या उकळून गार केलेल्या पाण्यात गुळगुळीत वाटावेत. बाजारात मिळणाऱ्या वनस्पतिजन्य दह्याचे दोन चमचे विरजण लावून स्वच्छ, झाकलेल्या भांड्यात उबदार जागी बारा ते अठरा तास ठेवावे. आंबूस वास आला की मीठ घालून मलमलीच्या फडक्यात बांधावे आणि शीतकपाटात टांगावे. दुसऱ्या दिवशी मऊ, पसरवता येणारे चीज मिळते. ते चार-पाच दिवसांत संपवावे. सामू मोजण्याच्या पट्ट्या असतील तर तो 4.6 च्या खाली उतरला आहे याची खात्री करावी. बोट्युलिझमचे जंतू त्याखाली वाढत नाहीत. रंगीत बुरशी दिसली तर वरचा थर खरवडून उरलेले खाऊ नये, सगळेच टाकून द्यावे.

उकळण्याची पायरी गाळण्याचा मोह अनेकांना होतो, कारण ‘कच्चे’ या शब्दाला आज आरोग्याचे वलय आहे. 2014 मध्ये अमेरिकेत कच्च्या काजूपासून केलेल्या चीजमधून साल्मोनेलाची लागण झाली आणि तीन राज्यांत 17 जण आजारी पडले. विरजणाचे आम्ल या जंतूला खात्रीने मारत नाही, उष्णता मारते. 1960 च्या टर्की पक्ष्यांनी पेंडीबद्दल शिकवलेला धडा हाच होता : वनस्पतिजन्य म्हणजे आपोआप निर्धोक नव्हे. शिवाय काजू आणि शेंगदाणे यांची अॅलर्जी गंभीर असू शकते. पाहुण्यांना देण्यापूर्वी विचारणे आवश्यक.

आणखी एक हिशेब चीजच्या वेष्टनावर छापलेला नसतो. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेला काजू गोव्यात आणि पश्चिम किनाऱ्यावर रुजला. त्याचे नावही तुपी भाषेतील ‘अकाजू’वरून पोर्तुगीजमार्गे आपल्याकडे आले. आज वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने विकसित केलेली वाणे कोकणात सर्वत्र दिसतात. परंतु काजूचे टरफल फोडताना निघणाऱ्या तेलातील अॅनाकार्डिक आम्ल आणि कार्डोल त्वचा जाळतात. कोल्लमपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या कारखान्यांत हे काम प्रामुख्याने स्त्रिया करतात आणि त्यांच्या बोटांवर त्याच्या खुणा दिसतात. प्राण्याला इजा न होता बनलेल्या पदार्थाच्या मागे माणसाच्या हातांना झालेली इजा असेल, तर ती मोजणे हेही त्याच करुणेचे अंग आहे. हातमोजे, यांत्रिक फोडणी आणि रास्त मजुरी हे त्यावरचे उपाय अज्ञात नाहीत.

गांधीजींच्या दोन निकषांवर आजचे काजूचे चीज तपासले तर काय दिसते? पचनाच्या कसोटीला ते बऱ्याच अंशी उतरते. विशेषतः दुग्धशर्करा न पचणाऱ्यांसाठी. पोषणाच्या कसोटीला ते दुधाच्या बरोबरीचे नाही : कॅल्शियम अत्यल्प, बी-12 जवळजवळ नाही. ते वेगळ्या जातीचे, स्निग्ध, रुचकर अन्न आहे. त्याला त्याच्या गुणांनी ओळखावे. दूध सोडणाऱ्याने कॅल्शियमसाठी नाचणी आणि तीळ, तर बी-12 साठी पूरक गोळ्या यांची वेगळी तजवीज करावी.

आणि सुब्रह्मण्यन यांनी स्वतःला घातलेली तिसरी कसोटी म्हणजे किंमत. एक किलो काजूच्या दरात कित्येक लिटर दूध येते. ज्या मुलासाठी म्हैसूरला शेंगदाणे वाटले जात होते, त्याच्या ताटापर्यंत काजूचे चीज पोहोचणार नाही. शेंगदाणा उत्पादनात आपण आजही चीनखालोखाल जगात दुसरे आहोत, पेंडही तेवढीच निघते, आणि अॅफ्लाटॉक्सिन तपासण्याची साधने 1960 पेक्षा किती तरी सुधारली आहेत. अपुरा राहिलेला प्रयोग जेथे थांबला तेथूनच पुढे नेता येतो, आणि त्यासाठी लागणारी जुनी टिपणे आपल्याच देशात आहेत. अन्न तंत्रज्ञान शिकणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याने ती उघडून पाहिली, तर या लेखाचे काम झाले.

#विज्ञानाचा_इतिहास #अन्नविज्ञान #भारतीय_संशोधन